सातपुडा आणि तापीकाठचे उत्सव : २०२७ चे वर्षचक्र

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरी हे गाव सपाटीच्या मुलखातील आहे. या तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग आहे, तर दक्षिणेस तापी नदी वाहते. केळी, पपई, ऊस आणि कापूस पिकविणारी काळी जमीन या दोहोंच्या मध्ये पसरली आहे. डोंगरात भिल्ल, पावरा आदी आदिवासी समाजांची वस्ती आहे. सपाटीवर गुजर व इतर शेतकरी समाज नांदतात. बाजाराच्या दिवशी शहाद्याच्या रस्त्यावर अहिराणी, गुजरी, भिलोरी, पावरी आणि प्रमाण मराठी या पाचही बोली कानांवर पडतात. अशा सीमेवरच्या मुलखात सण-उत्सवांची समृद्धी असावी हे स्वाभाविकच होय. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. तथापि येथील उत्सवांची परंपरा या प्रशासकीय रचनेहून कितीतरी जुनी आहे.

कलामहोत्सव म्हटला की व्यासपीठ, निमंत्रणपत्रिका आणि तिकीट यांचे चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर येते. सातपुडा व तापी खोऱ्यातील कलांचे तसे नाही. येथील नृत्य होळीभोवती होते, गाणे झोक्यावर गायिले जाते, आणि घोड्याची चाल पाहणारे जाणकार यात्रेत भेटतात. कला ही तेथे जगण्याच्या एखाद्या कार्याला जोडलेली असते. म्हणून या कला पाहावयाच्या तर त्या ज्या दिवशी, ज्या कारणाने आणि ज्या ठिकाणी प्रकट होतात तेथेच जावे लागते. २०२७ या वर्षात असे प्रसंग कोणते, ते केव्हा येतात, आणि त्यांत बाहेरच्या माणसाने कसे सहभागी व्हावे, याचा परिचय येथे करून दिला आहे.

तारखेचे गणित

या उत्सवांच्या तारखा इंग्रजी महिन्यांप्रमाणे ठरत नाहीत, तर तिथीप्रमाणे ठरतात. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. सौर वर्ष मात्र ३६५ दिवसांचे असते. या ११ दिवसांच्या तफावतीमुळे प्रत्येक सण दर वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो. ही तफावत साचत जाऊन ऋतू आणि सण यांची फारकत होऊ नये, म्हणून साधारणतः ३२ ते ३३ महिन्यांनी एक अधिक मास धरण्यात येतो. २०२६ साली १७ मे ते १५ जून या काळात अधिक ज्येष्ठ आहे. त्याचा परिणाम २०२७ च्या पूर्वार्धात स्पष्ट दिसतो. २०२६ ची होळी मार्चच्या अगदी आरंभी, तर २०२७ ची होळी मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस येते. अक्षय तृतीया १९ एप्रिलवरून ९ मे रोजी जाते. वर्षाच्या उत्तरार्धात मात्र नेहमीचा क्रम पुन्हा सुरू होतो. २०२६ ची दत्तजयंती २३ डिसेंबरला, तर २०२७ ची १३ डिसेंबरला आहे.

हे गणित केवळ पंचांगकर्त्यांच्या उपयोगाचे नाही. सातपुड्यातील हजारो कुटुंबे पावसाळ्यानंतर ऊसतोडीसाठी व इतर मजुरीसाठी गुजरातेत आणि अन्य जिल्ह्यांत जातात. होळीला गावी परतायचेच, हा त्यांचा नेम असतो. होळी उशिरा आली की परतीचा दिवसही लांबतो. शेतकऱ्याचे, मजुराचे आणि व्यापाऱ्याचेही वर्षाचे अंदाजपत्रक अशा रीतीने तिथीशी बांधलेले आहे.

महाशिवरात्र : तोरणमाळ आणि देवमोगरा

वर्षातील पहिला मोठा प्रसंग महाशिवरात्रीचा. २०२७ मध्ये ही तिथी ६ मार्च, शनिवार रोजी येते. अक्राणी तालुक्यातील तोरणमाळ हे सातपुड्याच्या माथ्यावरील थंड हवेचे ठिकाण यशवंत तलावासाठी प्रसिद्ध आहे. तेथील गोरखनाथाच्या स्थानी महाशिवरात्रीस यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबरच शेजारच्या मध्य प्रदेशातूनही भाविक डोंगरवाटांनी पायी येतात. नाथपंथी परंपरा आणि आदिवासी श्रद्धा यांचा मिलाफ येथे पाहावयास मिळतो.

याच सुमारास सातपुड्यातील असंख्य कुटुंबे गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यातील देवमोगरा येथे याहामोगी मातेच्या दर्शनास जातात. याहामोगी ही धान्याची देवता. नवे धान्य बांबूच्या टोपलीत घेऊन तिच्या चरणी अर्पण करण्याची रीत आहे. मंदिर गुजरातेत असले, तरी तिचे भक्त तीन राज्यांत विखुरलेले आहेत. राज्यांच्या सीमा नकाशावर आखल्या गेल्या. देवीच्या वाटा त्यापूर्वीपासूनच वाहत्या होत्या.

भोंगऱ्या आणि सातपुड्याची होळी

या मुलखाचा सर्वांत मोठा उत्सव होळी हाच होय. २०२७ मध्ये फाल्गुनी पौर्णिमेचे होलिकादहन २१ मार्च, रविवार रोजी आहे. त्यापूर्वीच्या आठवड्यात जे आठवडे बाजार भरतात, त्यांना भोंगऱ्या म्हणतात. मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर, बडवानी या भागांत हेच बाजार भगोरिया या नावाने ओळखले जातात. होळीच्या पूजेसाठी लागणारे डाळे, फुटाणे, गूळ, खजूर आणि साखरेचे हार, नवे कपडे, घुंगरू, दागिने यांची खरेदी येथे होते. गावोगावचे लोक मोठाले ढोल घेऊन बाजारात येतात आणि एकेका गावाचा ढोल दुसऱ्या गावाच्या ढोलाला जणू उत्तर देत असतो.

भोंगऱ्या म्हणजे तरुण-तरुणींनी पळून जाऊन विवाह जुळविण्याचा बाजार, अशी एक समजूत छापील लेखांतून फार पसरली आहे. ही समजूत एकांगी असून आदिवासी समाजातील अभ्यासकांनी व कार्यकर्त्यांनी तिला वेळोवेळी हरकत घेतली आहे. अनेक महिने परगावी राबून आलेली माणसे या बाजारात एकमेकांना भेटतात, सुखदुःख बोलतात, मजुरीतून उरलेल्या पैशाने घरासाठी वस्तू घेतात. त्या भेटीतून सोयरीक जुळतही असेल. पण ती कोणत्याही समाजाच्या मेळाव्यात जुळतेच.

होळीमध्ये अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळीला विशेष मान आहे. काठी हे पूर्वीचे संस्थान. त्याच्या होळीचा आरंभ लोकपरंपरेने १२४६ साली सांगितला जातो. होळीचा दांडा म्हणून उंच, सरळ बांबू निवडून दूरच्या जंगलातून आणतात. तो शेकडो हात लागून उभा केला जातो. रात्रभर ढोल, बासरी आणि घुंगरांच्या तालावर नृत्य चालते, आणि इतरत्र सायंकाळी पेटणारी होळी येथे पहाटे पेटते. रात्रभर जागलेल्या जनसमुदायावर त्या ज्वाळांचा प्रकाश आणि पूर्वेची लाली एकाच वेळी पडते.

या नृत्यातील बावा आणि बुध्या यांची वेशभूषा पाहणाऱ्याचे लक्ष वेधून घेते. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगरू किंवा वाळलेल्या दुधी भोपळ्यांची माळ, अंगावर राखेचे व तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके असा हा साज असतो. परंतु हा साज चढविण्यापूर्वी जे व्रत पाळले जाते, ते पाहुण्याच्या नजरेस सहसा पडत नाही. या व्रतास पाळणी म्हणतात. पाळणी करणारा पुरुष होळीपूर्वीचे काही दिवस ब्रह्मचर्य पाळतो, खाटेवर बसत वा निजत नाही, पायांत वहाण घालीत नाही, आणि आहाराचेही नियम सांभाळतो. नवस फेडण्यासाठी किंवा गावाच्या कल्याणासाठी हे व्रत घेतले जाते. म्हणजे त्या रात्री नाचणारा माणूस प्रेक्षकांसाठी कार्यक्रम करीत नसतो. तो घेतलेला शब्द पुरा करीत असतो. हे ध्यानी आले की नृत्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

सातपुड्यातील सर्व होळ्या एकाच रात्री पेटत नाहीत, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. शेजारच्या गावांना परस्परांकडे जाता यावे, यासाठी दिवस वाटून घेतलेले असतात. कोणत्या गावाची होळी कोणत्या दिवशी, हे गावातील जाणती माणसे ठरवितात. पंचांगातील पौर्णिमा हा एक आधार. परंतु अखेरचा शब्द गावाचा असतो. होळीच्या आधीचे दोन-तीन दिवस व नंतरचे काही दिवस मिळून धडगाव, मोलगी व अक्कलकुवा परिसरात उत्सवाची एक माळच गुंफली जाते.

विस्थापितांची होळी

सरदार सरोवर प्रकल्पामुळे अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील नर्मदाकाठची ३३ गावे बाधित झाली. त्यांतील अनेक कुटुंबांचे पुनर्वसन तळोदा व शहादा तालुक्यांच्या सपाटीवर करण्यात आले. नदी, डोंगर, जंगल आणि शेकडो वर्षांचे शेजार मागे राहिले. घर हलविता येते, जमिनीच्या मोबदल्यात जमीनही देता येते. होळीची जागा मात्र अशी हलविता येत नाही. तिच्याभोवतीची वाट, दांड्याचा बांबू जेथून आणायचा ते रान आणि शेजारच्या गावाशी ठरलेला दिवस, हे सारे एका भूगोलाचे भाग असतात.

तरीही पुनर्वसित वसाहतींनी ढोल खाली ठेवला नाही. नव्या गावठाणात होळीसाठी जागा राखली गेली, आणि जुन्या नात्यांच्या ओढीने काही जण अजूनही डोंगरातल्या होळीला जातात. अशा रीतीने शहादा तालुक्याच्या सपाटीवरील गावांच्या शेजारीच आता डोंगरातील संस्कृती नांदते आहे. ब्राह्मणपुरीसारख्या गावांतील शाळकरी मुलांना पावरी ढोलाची ओळख करून घेण्यासाठी घाट चढून जाण्याची आवश्यकता उरलेली नाही. या शेजाराचा आदराने लाभ घेणे, ही दोन्ही समाजांच्या हिताची गोष्ट आहे. उत्सवाचे पुनर्वसन शासकीय आराखड्यात लिहिता येत नाही. ते शेजाऱ्यांनीच करावयाचे असते.

आखाजी आणि कानबाई

खानदेशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. २०२७ मध्ये ती ९ मे, रविवार रोजी आहे. सासुरवाशिणीने माहेरी यावे, झाडाला झोके बांधावेत, गौराईची गाणी गावीत, असा हा सण. शेतीची कामे थांबलेली असतात, आंबा आलेला असतो, आणि घरोघरी पाण्याने भरलेली घागर मांडून पितरांचे स्मरण केले जाते. आखाजीची अहिराणी गाणी ही स्त्रियांनी रचलेली, स्त्रियांनी जपलेली संपत्ती आहे. सासरचा जाच, भावाची वाट, आईचा जिव्हाळा असे विषय त्यांत थेट, कधी मिश्कीलपणे मांडलेले असतात. या गाण्यांना रचणाऱ्याचे नाव नसते. म्हणून ती गाणारी पिढी मागे पडली, तर गाण्यांचा मागमूसही राहत नाही.

श्रावणात कानबाईचा उत्सव येतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना करण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने २०२७ मध्ये हा दिवस ८ ऑगस्ट येतो. या वेळी भाऊबंद एकत्र येऊन रोट करतात, रात्रभर गाणी म्हणून जागरण होते, आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन केले जाते. सुरत, नाशिक, मुंबई, पुणे येथे नोकरी-व्यवसायासाठी गेलेली खानदेशी कुटुंबे या दिवसासाठी गावी परततात. वर्षभर बोलणे नसलेले भाऊही रोटासाठी एका पंगतीला बसतात, एवढे या उत्सवाचे सामर्थ्य आहे.

प्रकाशा आणि सिंहस्थ

शहादा तालुक्यातील प्रकाशा हे तापी व गोमाई यांच्या संगमावरील क्षेत्र दक्षिण काशी म्हणून विख्यात आहे. केदारेश्वर, पुष्पदंतेश्वर आदी मंदिरांमुळे ते भाविकांना, तर प्राचीन वसाहतीमुळे ते अभ्यासकांना परिचित आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९५४-५५ मध्ये येथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्तीचे पुरावे मिळाले. येथील गौतमेश्वराच्या स्थानी गुरू सिंह राशीत असताना, म्हणजे बारा वर्षांनी एकदा, सिंहस्थाची यात्रा भरण्याची परंपरा आहे. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील सिंहस्थ कुंभमेळ्याची प्रमुख पर्वे २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात. त्यामुळे हे वर्ष तापीकाठच्या या क्षेत्राच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरते.

दिवाळी : अस्तंबा ऋषीची यात्रा

अक्राणी तालुक्यातील अस्तंबा हे सुमारे १,३२५ मीटर उंचीचे शिखर अश्वत्थाम्याचे स्थान मानले जाते. धनत्रयोदशीच्या सुमारास तेथे यात्रा भरते. २०२७ मध्ये धनत्रयोदशी २७ ऑक्टोबर रोजी आहे. महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेश येथील भाविक समूहाने कडेकपारीच्या वाटा चढतात. पावसाळा नुकताच सरलेला असल्याने वाट निसरडी असते. अनुभवी सोबत्याशिवाय, विशेषतः रात्री, हा डोंगर चढू नये.

सारंगखेडा : घोड्यांची यात्रा

वर्षाची सांगता सारंगखेड्याच्या यात्रेने होते. तापीकाठच्या या गावी एकमुखी दत्ताचे मंदिर आहे. दत्तजयंतीपासून येथे भरणाऱ्या यात्रेत घोड्यांचा बाजार हे प्रमुख आकर्षण असते. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश, गुजरात येथून व्यापारी आपली जनावरे घेऊन येतात. मारवाडी घोड्याचे आत वळलेले कान, काठियावाडी घोड्याची चपळाई, नुकऱ्याचा पांढरा शुभ्र रंग यांवर जाणकारांच्या चर्चा रंगतात. दात पाहून वय, चाल पाहून स्वभाव आणि अंगावरचे भोवरे पाहून शुभाशुभ ठरविणारी माणसे या बाजारात आजही भेटतात. अलीकडील वर्षांत या यात्रेला जोडून चेतक महोत्सव भरविला जाऊ लागला असून, घोड्यांच्या नृत्याच्या व शर्यतीच्या स्पर्धांना मोठी गर्दी होते. २०२० साली कोविडच्या साथीमुळे यात्रा होऊ शकली नाही. त्या एका खंडाने पाल ठोकणाऱ्यापासून खोगीर शिवणाऱ्यापर्यंत किती जणांचे पोट या काही दिवसांवर अवलंबून असते, हे सर्वांना उमगले. २०२७ ची दत्तजयंती १३ डिसेंबर, सोमवार रोजी आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील दोंडाईचा स्थानकावरून सारंगखेडा गाठणे सोयीचे पडते. सातपुड्यात जाऊ इच्छिणाऱ्यांना त्याच मार्गावरील नंदुरबार स्थानक उपयोगी आहे.

पाहुण्याने पाळावयाची पथ्ये

या उत्सवांना जाणाऱ्याने काही गोष्टींची जाणीव ठेवणे अगत्याचे आहे. पहिली म्हणजे, येथे दिलेल्या तारखा तिथीनुसार आहेत. डोंगरातील गावांचे दिवस गाव ठरविते. म्हणून निघण्यापूर्वी संबंधित ग्रामपंचायतीकडे चौकशी करावी. दुसरी म्हणजे, पाळणी केलेल्या व्यक्तीचे व्रत अभंग राहील अशा बेताने वागावे. तिला स्पर्श करणे, नृत्याच्या रिंगणात शिरून अडथळा आणणे, न विचारता छायाचित्र घेणे या गोष्टी टाळाव्यात. स्त्रियांची व मुलांची छायाचित्रे तर परवानगीशिवाय घेऊच नयेत. तिसरी म्हणजे, नर्तकाच्या डोक्यावरील टोप विकत मागू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये मोराला पूर्ण संरक्षण आहे. हे टोप गळून पडलेल्या पिसांतून वर्षानुवर्षे जमवून बांधलेले असतात. बाहेरच्या पैशाने त्यांचा बाजार उभा राहिला, तर त्याची किंमत अखेर मोरालाच मोजावी लागेल. चौथी म्हणजे, खर्च गावातच करावा. भोंगऱ्यात बांबूची टोपली घ्यावी, स्थानिक भाकरी खावी. त्यामुळे कलावंताच्या घरी प्रत्यक्ष काही पोहोचते.

नोंदीचे काम

उत्सव पाहणे हे पहिले पाऊल झाले. त्याची नोंद ठेवणे हे दुसरे आणि अधिक टिकाऊ काम आहे. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आदिवासी जीवनाचा अभ्यास व संग्रह करीत आली आहे. परंतु प्रत्येक गावी संशोधक पोहोचणे शक्य नसते. हे काम गावातील शाळा, वाचनालये व तरुण मंडळे सहज करू शकतात. आखाजीची गाणी आजीकडून ऐकून बोलीतच उतरवून घेणे, ढोल मढविणाऱ्या कारागिराकडून कातडे कमविण्याची व ताणण्याची रीत समजून घेणे, होळीचे दिवस कोणत्या क्रमाने ठरतात याची यादी करणे, या गोष्टींना वही आणि पेन्सिल पुरते. मात्र ज्याच्याकडून माहिती घेतली त्याचे नाव त्याच्या संमतीने वहीत लिहावे, आणि वहीची एक प्रत त्याच्याच गावी ठेवावी. गाणे गावाचे, त्याची नोंदही प्रथम गावाचीच असली पाहिजे.

व्यासपीठावरील महोत्सवांना अनुदान देता येते, त्यांची तारीख सोयीनुसार पुढे-मागे करता येते. सातपुड्याची होळी किंवा तापीकाठची आखाजी यांना हे लागू पडत नाही. परगावी गेलेला मजूर परतला, माहेरी लेक आली, पाळणी करणारा तरुण मिळाला, तरच त्या होतात. म्हणून हे उत्सव टिकविण्याचा प्रश्न हा मुळात माणसांना गावाकडे परतता येण्याचा प्रश्न आहे. गावातच रोजगार मिळावा, डोंगरातील रस्ते बारमाही व्हावेत, बोलीत बोलणाऱ्या मुलाला शाळेत परकेपणा वाटू नये, या विकासाच्या मागण्या आणि होळीचा ढोल यांचा परस्परांशी निकटचा संबंध आहे. २०२७ च्या मार्चमध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी परतीच्या गाड्या येऊ लागतील, तेव्हा त्यांतून उतरणारी माणसे पाहुणी म्हणून आलेली नसतील. पहाटेच्या होळीसाठी लागणारे हात आणि पाय तीच बरोबर घेऊन येत असतात.